पहिलं स्काऊट शिबिर: बॅग भरायची कोणी?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे लोकलच्या गर्दीत इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना फुटलेले फाटे थोडे छाटलेत, बाकी जसंच्या तसं.

आजचा भाग ताई-दादांसाठी आहे. म्हणजे तुमच्या घरातलं दहा-अकरा वर्षांचं पोरगं किंवा पोरगी या सुट्टीत पहिल्यांदा स्काऊट-गाईडच्या शिबिराला चाललीय, आणि आई म्हणते, "अरे, तू ट्रेकला जातोस ना, जरा बघ तिचं सामान." ते "जरा बघणं" नेमकं काय, यावर बोलूया.

पहिलीच गोष्ट: बॅग तुम्ही भरायची नाही. आईनेही नाही. आईने भरलेली बॅग दिसायला फार सुंदर असते. घड्या नीट, पिशव्यांवर पिशव्या, लाडू तळाशी. मग शिबिरात रात्री नऊ वाजता तंबूत अंधार, सहा जणांत एक टॉर्च, आणि आपल्या साहेबांना टॉवेल कुठंय ते माहीत नाही. सगळी बॅग बाहेर, बाकीची पोरं वैतागलेली. डोळ्यांत पाणी येतं ते अशा वेळी. टॉवेल हे नुसतं निमित्त असतं.

यादी शाळेकडून आलेली असतेच. ती त्याच्या हातात द्या. त्याने एकेक वस्तू काढून चादरीवर मांडायची, खूण करायची, स्वतः भरायची. तुम्ही शेजारी बसून शेंगा खा. भरून झालं की खोलीतला दिवा बंद करा आणि म्हणा, "टॉर्च काढ. आता मोजे काढ." पहिल्यांदा पाच मिनिटं लागतील, तिसऱ्यांदा अर्धं मिनिट. हा खेळ पोरांना भयंकर आवडतो, बरं का.

वजनाचं काय? २०२० च्या शालेय दप्तर धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या एक-दशांशापेक्षा जास्त नको असं म्हटलंय. शिबिराची बॅग त्यात बसणं कठीण, कारण अंथरूण-पांघरूण असतं. पण पस्तीस किलोच्या पोराला ती पाठीवर घेऊन बसस्टॉपपर्यंत सरळ चालता आलं पाहिजे. नाही आलं तर सामान कमी करा. आणि कमी काय करायचं, तेही त्यालाच ठरवू द्या.

एवढा हट्ट कशासाठी? कारण स्काऊटिंग उभंच त्यावर आहे. बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन पहिलं प्रायोगिक शिबिर भरवलं. श्रीमंतांच्या शाळांतली मुलं आणि कामगारांची मुलं एकत्र. त्यांचे चार गट केले आणि प्रत्येक गटाची जबाबदारी त्यातल्याच एका मोठ्या मुलावर टाकली. आज आपल्याकडे पेट्रोल म्हणतात ते हेच, सहा ते आठ जणांचं. पाणी कोण आणणार, सरपण कोण, भांडी कोण, हे त्या सहा-आठ जणांत ठरतं. ज्याला स्वतःचं ताट धुता येत नाही, त्याचं काम दुसऱ्यावर पडतं आणि मग तो दोन दिवसांत नावडता होतो. हे वाईट आहे, पण असंच होतं. तेव्हा शिबिराआधी दोन-तीन आठवडे घरी ताट धुणं, स्वतःचा एक शर्ट बादलीत धुणं आणि जमिनीवर सतरंजी टाकून झोपणं सुरू करा. गाठी स्काऊटर शिकवतील. रीफ नॉट आणि क्लोव्ह हिच तिथे हमखास येतात. घरी फक्त बुटाची लेस स्वतःची स्वतः बांधता येते का, ते बघा. हसू नका, अनेकांना येत नाही.

आता खरा विषय. घरची आठवण.

क्रिस्टोफर थर्बर हे मानसशास्त्रज्ञ आणि एडवर्ड वॉल्टन हे डॉक्टर, या दोघांनी २००७ मध्ये अमेरिकेच्या बालरोग अकादमीच्या मासिकात यावरच लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की घराची आठवण येणं हे अगदी नेहमीचं आहे, बहुतेक सगळ्यांना थोडी ना थोडी येतेच, आणि ती आधीच्या तयारीने बरीच सौम्य करता येते. जायचं की नाही या निर्णयात मुलाचं मत घ्या. आधी एक-दोन रात्री मामाकडे किंवा मित्राकडे राहू द्या, फोन न करता. आणि एक गोष्ट अजिबात करू नका: "नाही करमलं तर फोन कर, लगेच न्यायला येतो" असं वचन देऊ नका.

आपल्या घरांत हे वाक्य प्रेमाने, सर्रास म्हटलं जातं. पण पोरगं त्यातून काय ऐकतं? की घरच्यांनाच वाटतंय, मला जमणार नाही. मग पहिल्या रात्री पोटात कालवलं की त्याचं लक्ष खेळावर नाही, फोनवर. आणि खरंच फोन आला तर तुम्ही दोन्हीकडून अडकता: नेलं तर पुढच्या वेळी ते जाणारच नाही, नाही नेलं तर तुम्ही खोटे ठरता. त्यापेक्षा सांगा, "आठवण येईल. मलाही आली होती. रात्री जास्त येते, सकाळी कामाला लागलं की कमी होते. फार वाटलं तर सरांना किंवा मॅडमना सांग." रिकामी पोस्टकार्डं द्या दोन. लिहायला लागलं की पोरं शांत होतात. कार्ड पोचो न पोचो.

एक नाजूक गोष्ट. काही मुलांना दहाव्या-अकराव्या वर्षीही झोपेत अंथरुणात लघवी होते. त्या भीतीपायी मूल शिबिरालाच नाही म्हणतं, आणि कारण मात्र सांगत नाही. जाण्याआधी स्काऊटरना बाजूला घेऊन सांगा, म्हणजे ते झोपायच्या आधी आणि रात्री एकदा हळूच उठवतील. दमा, अॅलर्जी, रोजची गोळी हे फॉर्मवर लिहाच. लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही. मुलींच्या बॅगेत पॅड असू द्या, पाळी अजून सुरू झाली नसली तरी. आणि ते कसं वापरायचं, हे ताईने घरीच दाखवून ठेवायचं.

मे महिना आहे, ऊन मरणाचं. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, डोक्यावर टोपी, आणि ओआरएसचं पाकीट. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, पूर्ण पाकीट. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. कुणी उन्हात गोंधळल्यासारखं बोलायला लागलं तर "बस जरा सावलीत" एवढ्यावर थांबायचं नाही. मोठ्यांना हाक मारायची, अंगावर पाणी, वारा आणि १०८.

बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचे. कोकणातल्या लाल विंचवाने पूर्वी फार मुलं नेली, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं म्हणून आज चित्र वेगळं आहे. पण बूट झटकायला औषध लागत नाही. रात्री लघवीला जाताना टॉर्च आणि जोडीदार, दोन्ही हवेत. मण्यार रात्रीची फिरते आणि तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. साप चावलाच तर घट्ट दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, हातपाय हलवू न देता सरळ दवाखाना. स्काऊटला गाठी येतात म्हणून इथेही बांधायला धावतील, तर तेवढं आधीच सांगून ठेवा. त्यापेक्षा गळ्यातला स्कार्फ हाताला झोळी करायला वापरता येतो, ते शिकवा.

नदी किंवा समुद्र दिसला की एकच नियम: मोठं माणूस पाण्यात उतरल्याशिवाय आपण नाही. पोहता येत असलं तरी नाही.

मोबाईलबद्दल विचाराल, तर शिबिरात सहसा बंदीच असते. घरच्यांनीही मग सरांना तासातासाला फोन करू नये. व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका फोटोत आपलं पोर दिसलं नाही म्हणून रात्री अकराला चौकशी करणारे पालक असतात. आईच्या हातातून तो फोन काढून घेणं, हे मात्र तुमचं काम.

परत आल्यावर बॅग तोच रिकामी करेल, वासासकट. तेव्हा जेवायला बसवून आधी विचारा, "कुणाकुणाशी दोस्ती झाली?" खायला काय होतं, झोप लागली का, हे नंतर. पुढच्या भागात शिबिरातल्या स्वयंपाकाबद्दल बोलूया, म्हणजे चाळीस जणांची खिचडी खाली न लागू देता कशी करायची. तोवर तुमचे प्रश्न पाठवा.