यंत्राचे नाक

डर्ट बाइक ही डांबरी रस्त्यासाठी घडवलेली मोटारसायकल नव्हे. तिचे अंग सडपातळ, टायर खोल खाचांचे आणि धाव सारी माळरान, चढउतार व वाळू यांतून. शर्यतीत पुढच्या गाडीने उडवलेला धुरळा मागच्या स्वाराच्या तोंडावर येतो. स्वार डोळ्यांना चष्मा लावतो, नाकातोंडाचे रक्षण करतो. परंतु त्याच्या बैठकीखाली धडधडणाऱ्या इंजिनालाही त्याच धुळीत श्वास घ्यावयाचा असतो, ही गोष्ट पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

इंजिनाचा हा श्वास फार मोठा असतो. पेट्रोल हवेवाचून जळत नाही. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जळण्यास साडेचौदा ग्रॅमांहून थोडी अधिक हवा लागते. हवा अतिशय हलकी असल्यामुळे हाच हिशेब लिटरांत मांडला म्हणजे मोठा नवलाचा वाटतो : एका लिटर पेट्रोलाला सुमारे ९,००० लिटर हवा! दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी खोली भरेल एवढी ती होते. मग त्या हवेबरोबर केवढी धूळ आत ओढली जात असेल!

धुळीचे कण दिसावयास क्षुद्र. पण त्यांत गारेचे कण पुष्कळ असतात आणि गार ही साध्या लोखंडाहून कठीण असते. हे कण सिलिंडरात शिरले की तेथील वंगणात मिसळतात. ज्या तेलाने घर्षण कमी करावयाचे, तेच मग कानशीसारखे वागू लागते. सिलिंडरात वरखाली होणाऱ्या दट्ट्याच्या कड्या झिजतात, सिलिंडरची गुळगुळीत भिंत खरवडली जाते. मग आतला दाब टिकत नाही, गाडीचा जोर ओसरतो, तेलही जळू लागते; आणि अखेर इंजिन उघडून महागडे भाग बदलण्याची पाळी येते.

हे टाळण्यासाठी हवेच्या वाटेवर गाळणी बसवलेली असते. कारागीर तिला एअर फिल्टर म्हणतात. डर्ट बाइकची गाळणी बहुधा फोमची, म्हणजे मऊ, सच्छिद्र स्पंजासारख्या पदार्थाची असते. पुष्कळदा तिला दोन थर असतात : बाहेरचा विरळ व आतला दाट. मात्र एवढ्याने काम भागत नाही. अगदी बारीक धुळीच्या मानाने फोमची छिद्रे मोठीच असतात. मग धूळ अडते कशी? ती अडवते फोमला लावलेले चिकट तेल. हवा हलकी, ती छिद्रांतून नागमोडी वळणे घेत सहज निघून जाते. कण जड, त्यांना वळण साधत नाही, ते फोमच्या भिंतीवर आपटतात आणि तेलात अडकून पडतात. माणसाच्या नाकातील केस आणि चिकट द्रव हेच काम करतात. म्हणूनच कोरडी, दिसण्यात अगदी स्वच्छ अशी फोमची गाळणी फसवी असते. तिला तेल लावावयाचे राहिले असेल तर ती बारीक धूळ खुशाल आत सोडते.

गाळणी काढण्यापूर्वी तिच्या भोवतालची माती पुसून घेतात. नाहीतर तीच माती इंजिनाच्या वाटेत पडावयाची. गाळणी हलक्या हाताने, न आपटता बाहेर काढतात आणि उघड्या पडलेल्या तोंडावर झाकण किंवा स्वच्छ फडके घट्ट बसवतात. मग ती जेथे बसते ती पेटी पुसतात. धुण्यासाठी गाळणीकरिताच मिळणारे द्रव वापरावे. पेट्रोल मुळीच वापरू नये : त्याची वाफ चटकन पेट घेते, शिवाय थरांना जोडणारा डिंकही त्याने सुटू शकतो. हातांत मोजे हवेत आणि काम मोकळ्या हवेत व्हावे. धुतलेले कपडे पिळावे तशी गाळणी कधी पिळत नाहीत, कारण पिळल्याने फोम फाटतो. ती दोन तळव्यांत दाबून मळ काढावयाचा, मग साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावयाची. पाण्याचा अंश राहिला तर तेथे तेल धरत नाही.

तेल लावणे हा सगळ्यांत नाजूक भाग. ते थोडेथोडे ओतून, गाळणी दाबत दाबत सर्वत्र मुरवतात. बहुतेक तेलांना रंग असतो. फिकट डाग दिसला तर तेथे तेल पोहोचले नाही असे ओळखावे. जास्तीचे तेल दाबून काढले पाहिजे, नाहीतर हवेलाच वाट उरत नाही. शेवटी कडेला ग्रीस लावून गाळणी जागी बसवतात, अर्थात तोंडावरचे फडके आठवणीने काढून!

गाळणी मळाने तुंबली तर गाडी स्वतःच सांगते : जोर कमी पडतो, क्वचित काळा धूरही दिसतो. पण गाळणीची कड नीट टेकली नसेल तर गाडी काहीच बोलत नाही. ती छान पळते, आणि त्या फटीतून धूळ मुकाट्याने आत जात राहते. फोम फाटला, त्याचा सांधा सुटला किंवा बोटाखाली तो भुगा होऊ लागला, तर धुण्याचे श्रम व्यर्थ होत. नवी गाळणीच घालावी. रोजच्या रस्त्यावरील पुष्कळ मोटारसायकलींची गाळणी कागदाची असते. ती धुवावयाची नसतेच. ठरलेल्या अंतरानंतर बदलावयाची असते.

डाकार रॅली ह्या शर्यतीत गाळणीची खरी परीक्षा होते. डिसेंबर १९७८ मध्ये पॅरिसहून निघालेली पहिली शर्यत जानेवारी १९७९ मध्ये आफ्रिकेतील डाकार येथे संपली. २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत भरू लागली आणि २०२० साली सौदी अरेबियाच्या वाळवंटात आली. २०१५ साली सी. एस. संतोष हा भारतीय मोटारसायकलस्वार तिच्यात उतरला आणि ती त्याने पुरी केली. ह्या शर्यतीत मदतनिसांवाचून उतरणाऱ्या स्वारांचा एक निराळा वर्ग असतो. दिवसभर वाळू तुडवून तळावर आलेला असा स्वार हात धुऊन जेवावयास बसत नाही. आधी गाडीची बैठक काढतो. जाणते स्वार घरीच तेल मुरवून, पिशवीत बंद केलेल्या गाळण्या बरोबर ठेवतात. तशी एक तो काढतो, जुनी उतरवतो आणि नवीची कड बोटाने सभोवार चाचपून पाहतो.