वृद्धांच्या आहारातील भाजीपाला
साठी उलटलेल्या व्यक्तींच्या जेवणातील भाज्यांचे प्रमाण व प्रकार आणि त्यांवर परिणाम करणारे घटक यांचा विचार या नोंदीत केला आहे. भारतात २००७ च्या मातापिता व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियमानुसार ६० वर्षे वा त्याहून अधिक वयाची व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत अशा व्यक्तींचे प्रमाण सु. ८.६ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी भाज्या व फळे मिळून किमान ४०० ग्रॅ. खावीत, त्यांत बटाट्यासारखी पिष्टमय कंदमुळे धरलेली नाहीत. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत तर एकट्या भाज्यांचेच प्रमाण ४०० ग्रॅ. सुचविले आहे.

उतारवयात हालचाल मंदावते व एकूण अन्न कमी लागते. परंतु जीवनसत्त्वे व खनिजे यांची गरज त्या मानाने घटत नाही. म्हणून थोडक्या जेवणात भाजीचे महत्त्व वाढते. प्रत्यक्षात मात्र वृद्धाच्या ताटातून बहुधा भाजीच आधी कमी होते आणि आमटी-भात किंवा चहात बुडविलेली चपाती यांवर जेवण भागविले जाते. आवड बदलली किंवा आहाराचे ज्ञान नाही, एवढ्यानेच याचा उलगडा होत नाही. भाजी खुडणे, विकत आणणे, निवडणे व शिजविणे ही कामे कोणाच्या हाती आहेत, यावर वृद्धाच्या वाट्याला येणारी भाजी बऱ्याच अंशी अवलंबून असते. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते.

मावळातील भाजीपाला : वडगाव हे तालुक्याचे मुख्य ठिकाण. तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेला असून पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होत जातो. भात हे येथील प्रमुख पीक होय. वडगाव येथील कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली प्रसारित केलेली ‘इंद्रायणी’ ही भाताची जात राज्यभर प्रसिद्ध आहे. अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या खोऱ्यांतील जुन्या पिढीचा भाजीपाला मुख्यत्वे तीन ठिकाणांहून येई. पावसाळ्यात माळ व डोंगरउतार यांवर टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, कर्टोली इ. रानभाज्या मिळत. परसात अळू, शेवगा, दोडका, घोसाळे, दुधी व वालपापडी असे. भातकापणीनंतर जमिनीतील ओलीवर हरभरा, वाल, पावटा ही पिके घेत. हरभऱ्याचा कोवळा पाला ताजा खात, तसाच वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवीत. या तिन्हींपैकी कशालाही फारसा पैसा लागत नसे. मात्र पायांत बळ, डोळ्यांत तेज आणि घरची जमीन यांची आवश्यकता असे.

रानभाज्यांचे ज्ञान प्रामुख्याने स्त्रियांकडे, विशेषतः महादेव कोळी, ठाकर व कातकरी या समाजांतील वयस्क स्त्रियांकडे आढळते. कोणता पाला कोवळा असतानाच घ्यावा, कोणता उकडून व पिळून कडवटपणा घालवावा, हे त्या जाणतात. तथापि गुडघेदुखी किंवा मोतीबिंदू यांमुळे डोंगरावर जाणे थांबले की, ज्ञान असूनही भाजी घरी येत नाही. शिवाय पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग, तळेगाव परिसरातील औद्योगिक वसाहत, लोणावळ्याचे पर्यटन यांमुळे जमिनींचे व्यवहार वाढले. शेत व परस यांचे क्षेत्र जेथे घटले, तेथे पूर्वी फुकट मिळणारी भाजी बाजारातून आणावी लागते.

शारीरिक घटक : दात पडणे हे सर्वांत ठळक कारण होय. गवार, कच्चा मुळा, काकडी, जून पालेभाजी यांचे तंतू चावत नाहीत. कवळी सैल असल्यास भाजीचे तुकडे तिच्याखाली अडकतात. लाळ कमी सुटल्याने कोरडी भाजी घशाखाली उतरत नाही. वयोमानानुसार गंध व रुची यांची जाणीव मंदावते. मग भाजी ‘बेचव’ वाटू लागते आणि लोणचे, पापड किंवा वरून घेतलेले मीठ यांचा आधार घेतला जातो. रक्तदाब असणाऱ्यास ते अपायकारक ठरते. संधिवाताने आखडलेल्या बोटांना मेथी निवडणे, लाल भोपळा चिरणे जड जाते. भाजी कमी झाली की अन्नातील तंतू घटतात, मलावरोध वाढतो आणि पोट जड राहिल्याने भूक आणखी मंदावते, असे हे चक्र आहे.

कौटुंबिक घटक : एकत्र कुटुंबात स्वयंपाक सुनेच्या हाती गेल्यावर घरातील भाजी मुलांच्या आवडीने व कामाच्या वेळेच्या सोयीने ठरते. बटाट्याची सुकी भाजी डब्यासाठी सोयीची असते. वृद्धासाठी वेगळी पातळ भाजी करण्यास वेळ व इंधन लागते. ती मागणे अनेक वृद्धांना प्रशस्त वाटत नाही. ‘मला काही नको, वरणभात पुरे’ हे उत्तर पुष्कळदा समाधानाचे नसून संकोचाचे असते. सर्वांना वाढून शेवटी जेवण्याची रीत जेथे टिकून आहे, तेथे वृद्ध स्त्रीच्या वाट्याला उरलेली भाजी येते.

मुले पिंपरी-चिंचवड, मुंबई येथे नोकरीस गेल्यावर मागे राहिलेल्या वृद्धांचा प्रश्न निराळा असतो. एकट्यासाठी जुडी आणली तर निम्मी सुकते. म्हणून ती आणलीच जात नाही. पत्नीच्या निधनानंतर, स्वयंपाकाची सवय नसलेल्या पुरुषांची अधिक आबाळ होते. ही स्थिती केवळ आपल्याकडचीच नाही. इंग्लंडमधील नॉरफॉक परगण्यात ५० वर्षांवरील व्यक्तींची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार विधुर, अविवाहित वा एकट्या राहणाऱ्या व्यक्तींच्या आहारात भाज्यांचे वैविध्य कमी आढळले व पुरुषांत हा फरक अधिक होता.

आर्थिक घटक : शिधावाटप दुकानातून गहू-तांदूळ मिळतात, भाजी मिळत नाही. श्रावणबाळ योजनेखाली ६५ वर्षांवरील निराधारांना मिळणारे निवृत्तिवेतन २०२३ साली दरमहा १,५०० रु. करण्यात आले, त्यात औषध, प्रवास व किराणा भागवावा लागतो. भाजीचे भाव पावसाळ्यात व उन्हाळ्यात चढतात आणि वाडीवस्तीवरील वृद्धास आठवडी बाजार गाठण्यासाठी वाहनाचे भाडे पडते. परिणामी बटाटा-कांद्यासारख्या टिकाऊ वस्तूंवर भर राहतो.

संस्कार व समजुती : बालपणी जडलेली चव वृद्धापकाळी सर्वांत बळकट ठरते. आज सत्तरीच्या आसपास असलेल्या पिढीने १९७२ च्या दुष्काळात मायलो ज्वारी, सुकडी व रानपाला यांवर दिवस काढलेले पाहिले आहेत. त्यामुळे रानभाजीविषयी काहींना ओढ, तर काहींना ‘गरिबीचे अन्न’ म्हणून नकोसेपणा वाटतो. चातुर्मासात वांगी, कांदा व लसूण वर्ज्य करण्याची प्रथा वयस्क माणसे कसोशीने पाळतात. याउलट ऋषिपंचमीची मिश्र भाजी, भोगीची भाजी व चंपाषष्ठीचे वांग्याचे भरीत या प्रथांमुळे त्या त्या हंगामातील भाज्या ताटात येतात. वांगे, पावटा, वाल ‘वातूळ’, काकडी ‘थंड’, पालेभाजी रात्री खाऊ नये, अशा समजुती प्रचलित आहेत. आयुर्वेदात भाज्यांचा शाकवर्ग स्वतंत्रपणे वर्णिलेला असून त्यांचे गुणदोष सांगितले आहेत. मात्र लोकव्यवहारात अनेक निषेध एकत्र आले की वर्ज्य भाज्यांची यादी लांबते व खाण्याजोगे फारसे उरत नाही.

रोग व पथ्य : मधुमेह्याने बटाटा, रताळे यांची गणना भाजीत न करता धान्याप्रमाणे पिष्टमय अन्नात करावी. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियम मर्यादित ठेवावे लागत असल्यास भाजी उकळून पाणी टाकून देण्यास सांगतात. रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरीन घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू वा घटवू नये. कारण तिच्यातील के जीवनसत्त्व या औषधाच्या परिणामात फरक पाडते. पालेभाजी सोडून देणे हा त्यावरील उपाय नव्हे. ती रोज सारख्या प्रमाणात घ्यावी. ब१२ जीवनसत्त्व भाज्यांतून मिळत नाही, त्यासाठी दूध, दही किंवा मांसाहार वा वैद्यकीय सल्ल्याने औषध लागते.

उपाय : मराठी स्वयंपाकात दात नसलेल्यांसाठी सोयीचे प्रकार पूर्वापार आहेत. पालेभाजीचे गरगट, अळूचे फदफदे, ताकातील पातळ भाजी, वांग्याचे वा दुधीचे भरीत, किसलेल्या काकडीची कोशिंबीर, शेवग्याच्या पाल्याचे पिठले ही त्यांची उदाहरणे होत. घरच्या सर्वांच्या भाजीतील एक वाटी बाजूस काढून घोटली व ताक किंवा वरण घालून सैल केली, तरी वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. मिठाऐवजी लिंबू, कोथिंबीर, आले व जिरे यांनी चव आणता येते. कवळी नीट बसविणे व मोतीबिंदूची शस्त्रक्रिया या उपचारांचाही आहारावर अनुकूल परिणाम होतो. दारातील शेवगा व अळू यांना फारशी निगा लागत नाही. कृषी विभागातर्फे भरविण्यात येणाऱ्या रानभाजी महोत्सवांमुळे वयस्क स्त्रियांच्या ज्ञानाला प्रतिष्ठा मिळू लागली आहे. डोंगरावर जाऊ शकणाऱ्या तरुणांनी ते आत्मसात केल्यास तीच भाजी पुन्हा वृद्धांच्या ताटात येऊ शकेल. वृद्धांना भाजी खाण्याचा उपदेश करण्यापेक्षा ती खाता येईल अशी करून त्यांच्यासमोर ठेवणे अधिक परिणामकारक ठरते.