तपासणीच्या दिवसाचे गणित

वैद्यकीय चाचणी म्हणजे उपचाराची परिणामकारकता आणि सुरक्षितता पूर्वनियोजित आराखड्यानुसार माणसांवर तपासणारा अभ्यास होय. कर्करोगावरील अशा चाचणीत रुग्णाचा तपासणीचा दिवस दोन कामांसाठी असतो: एक, त्या रुग्णाची काळजी घेणे आणि दुसरे, त्याच्या प्रकृतीची नोंद इतर सहभागींच्या नोंदींशी ताडून पाहता येईल अशा समान मापाने करणे. रुग्णाला काहीशा जाचक वाटणाऱ्या अनेक नियमांचे मूळ या दुसऱ्या कामात असते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील, 2023 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेली एक चाचणी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. डोके व मानेच्या प्रगत कर्करोगाच्या 151 रुग्णांच्या या चाचणीत एका गटाला मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब ही तोंडावाटे घ्यायची औषधे देण्यात आली, तर दुसऱ्या गटाला त्यांच्या जोडीने निवोलुमॅब हे रोगप्रतिकारक पेशींवरील आवर सैल करणारे औषध दर तीन आठवड्यांनी अवघ्या 20 मिलिग्रॅम मात्रेत, म्हणजे प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, देण्यात आले.

अशा उपचारात दिवसाची सुरुवात सहसा रक्ततपासणीने होते, कारण मेथोट्रेक्सेट अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती मंदावू शकते आणि निवोलुमॅबमुळे सैल सुटलेल्या पेशी कधीकधी थायरॉइड ग्रंथीवरच हल्ला करतात. त्यानंतर होणारी विचारपूस वरकरणी साधी वाटली, तरी तिच्यामागे दुष्परिणामांची 1 ते 5 अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी असते. एर्लोटिनिबमुळे होणाऱ्या जुलाबांबाबत ‘त्रास होतो का?’ एवढे विचारून भागत नाही. नेहमीपेक्षा दिवसाला चारहून कमी वेळा अधिक जावे लागले तर पहिली श्रेणी, चार ते सहा वेळा अधिक असल्यास दुसरी आणि सात किंवा त्याहून जास्त वेळा अधिक असल्यास तिसरी श्रेणी नोंदवली जाते. उरलेल्या गोळ्या परत मागवून मोजल्या जातात, म्हणजे औषधाचा गुण आला नाही की औषध पोटात गेलेच नाही, हे वेगळे काढता येते. धूम्रपानाची चौकशीही केवळ उपदेशासाठी नसते, कारण धूम्रपानामुळे एर्लोटिनिबचे रक्तातील प्रमाण घटते.

सीटी स्कॅनच्या तारखा बहुधा आराखड्यातच ठरलेल्या असतात. तक्रार वाढल्यावरच स्कॅन काढायचा असे ठरवले, तर ज्या गटात तक्रारी अधिक त्या गटात रोगवाढही लवकर सापडेल आणि तुलना एकीकडे झुकेल. गाठींच्या मोजमापासाठी 2009 पासून प्रचलित असलेल्या सुधारित निकषांनुसार जास्तीत जास्त पाच आणि एका अवयवातील दोनच गाठी निवडून त्यांच्या व्यासांची बेरीज केली जाते. मूळ बेरीज 80 मिलिमीटर असेल, तर ती 56 वर, म्हणजे 30 टक्क्यांनी खाली आल्यावरच ‘अंशतः प्रतिसाद’ धरला जातो. 60 पर्यंतची घट रुग्णाला सुखावणारी असली, तरी तिची गणना ‘स्थिर’ अशीच होते. वाढ मात्र मूळ बेरजेपासून न मोजता आजवरच्या सर्वांत कमी बेरजेपासून मोजली जाते, त्यामुळे 50 पर्यंत उतरलेली बेरीज पुन्हा 60 झाली, तर ती मूळ 80 पेक्षा कितीतरी कमी असूनही रोग बळावल्याची नोंद होते, कारण वाढ 20 टक्के आणि किमान 5 मिलिमीटर या दोन्ही अटी ती पूर्ण करते.

तथापि मिलिमीटरांचे हे माप अंतिम नसते. टाटा मेमोरियलच्या चाचणीत मुख्य कसोटी एक वर्षानंतर हयात असणाऱ्यांच्या प्रमाणाची होती आणि ते प्रमाण निवोलुमॅबविना 16.3 टक्के, तर निवोलुमॅबसह 43.4 टक्के भरले. ही कसोटी लावताना उपचार मध्येच सोडलेल्या रुग्णांनाही त्यांच्या मूळ गटातच मोजावे लागते, कारण त्यांना वगळल्यास तग धरून राहिलेल्यांचीच गणती होऊन औषध प्रत्यक्षापेक्षा गुणकारी दिसू शकते. रुग्णाला केव्हाही चाचणीतून बाहेर पडण्याचा हक्क असतोच. परंतु केवळ औषध थांबले असेल आणि त्याची संमती कायम असेल, तर त्याची खुशाली पुढेही विचारत राहणे हा चाचणीचाच आवश्यक भाग ठरतो.