दोन बोटांची चौकट आणि हजार खुर्च्या

शनिवारचं मराठी वर्तमानपत्र उघडा आणि नाटकांच्या जाहिरातींचं पान समोर घ्या. एकाला एक खेटून बसवलेल्या चौकटी. काही तळहाताएवढ्या, काही जेमतेम दोन बोटांच्या. त्यात नाटकाचं नाव, दोन-चार चेहरे, नाट्यगृह आणि वेळ. बस्स, एवढंच. आणि एवढ्याच मजकुरावर रविवारी दुपारी चार वाजता कुणी बोरिवलीहून, कुणी परळहून, कुणी थेट बदलापूरहून निघतं. एकमेकांना कधीही न पाहिलेली शेकडो माणसं ठरल्या मिनिटाला एकाच दारात येऊन उभी राहतात! त्यांना कुणी आणलं? हे जमतं तरी कसं?

हे किती अवघड आहे ते कळायला आधी निर्मात्याच्या जागी उभं राहून बघा. तो नेमकं काय विकतो? वरवर पाहता नाटक. पण खरं म्हणजे तो विकतो एका ठरावीक वेळेची एक ठरावीक खुर्ची. मंडईतली मेथीची जुडी संध्याकाळी निम्म्या भावात का होईना, पण खपते. रिकामी राहिलेली खुर्ची तिसऱ्या घंटेनंतर कुणी फुकटही घेत नाही. ती उद्यासाठी राखून ठेवता येत नाही आणि तिचा खर्च तर होऊन गेलेला असतो. नाट्यगृहाचं भाडं, नटांची नाइट म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, नेपथ्याचा टेम्पो, जाहिरात, चहा-नाश्ता, सगळं. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात जवळपास हजार खुर्च्या आहेत. म्हणजे दर प्रयोगाला हा हजार खुर्च्यांचा माल पडदा उघडायच्या आत खपवायचा!

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं ‘द माऊसट्रॅप’ 1952 पासून चालू आहे. कोविडचा खंड सोडला तर ते थांबलेलं नाही आणि 1974 पासून ते एकाच नाट्यगृहात मुक्कामाला आहे. प्रेक्षकाला पत्ता एकदा कळला की काम झालं. आपलं व्यावसायिक नाटक मात्र कुठेच मुक्काम करत नाही. शुक्रवारी रात्री ठाण्याचं गडकरी रंगायतन, शनिवारी दुपारी दादरचं शिवाजी मंदिर, रविवारी पुणे. अख्खं घर, त्याची दारं-खिडक्या, सोफा, जिना, सगळं टेम्पोत चढतं, उतरतं, काही तासांत उभं राहतं आणि पडदा पडल्यावर पुन्हा सुटं होतं. एकाच नाट्यगृहात सकाळी एक नाटक, दुपारी दुसरं आणि रात्री तिसरं! म्हणून मराठी नाटकाची जाहिरात एकदा करून भागत नाही. प्रत्येक प्रयोग नवा, त्याचा पत्ता नवा, त्याचा प्रेक्षकही नवा. नाटकाचा तीनशेवा प्रयोग असला तरी त्या दिवसाची तिकीटविक्री शून्यापासूनच सुरू होते.

ही फिरती आली कुठून? 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केलं, तेव्हा त्यांच्या पाठीशी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन होते. राजाच्या दरबारात प्रेक्षक गोळा करावा लागत नाही, तो हजरच असतो. 1851 साली चिंतामणराव वारले, राजाश्रय संपला आणि भाव्यांसमोर तोच प्रश्न उभा राहिला जो आजच्या प्रत्येक निर्मात्यासमोर आहे: आता बघायला येणार कोण? ते संच घेऊन बाहेर पडले. 1853 मध्ये मुंबईत, जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ग्रँट रोडच्या नाट्यगृहात, त्यांनी तिकीट लावून खेळ केले. केवढी ही उडी! दरबारातून थेट तिकीटबारीवर. ज्याला नाटकवाल्यांचं नावही ठाऊक नाही, अशा अनोळखी माणसाने खिशात हात घालायचा, तोही काय बघायला मिळणार हे कळण्याआधी. जाहिरातीचं सगळं शास्त्र या एका क्षणासाठी आहे.

आता ती दोन बोटांची चौकट जवळून बघा. वर्तमानपत्र जागा विकतं ती चौरस सेंटिमीटरच्या हिशेबाने. म्हणजे इथल्या प्रत्येक अक्षराचं भाडं भरलेलं असतं! मग भाडं भरून आत कुणाला घ्यायचं? सर्वांत मोठं नाटकाचं नाव. त्याखालोखाल चेहरे, तेही प्रेक्षक ज्याला ओळखतो त्याचा आधी. लेखक-दिग्दर्शकाची नावं बारीक टायपात, कारण ती शोधणारा वाचक भिंग घेऊनही शोधतो. कथानकाला एक ओळसुद्धा मिळत नाही. मिळते ती वार, वेळ आणि नाट्यगृहाला, कारण निघायचं ठरवलेल्या माणसाला तेवढंच हवं असतं.

या चौकटीतला सर्वांत मोठा चमत्कार म्हणजे नावाची अक्षरं. टाइम्स समूहात काम केलेल्या कमल शेडगे यांनी शेकडो मराठी नाटकांची नावं हाताने रेखली. 2020 साली ते गेले, तेव्हा लोकांनी त्यांना ‘अक्षरसम्राट’ म्हणूनच निरोप दिला. काय करतात ही अक्षरं? देवनागरीची शिरोरेषा सरळ ताठ ठेवली की ऐतिहासिक नाटकाचा दरारा येतो. तीच तुटली की काहीतरी बिनसल्याची चाहूल लागते. वेलांटीला जरा जास्तीचा झोका दिला की वाचणाऱ्याच्या ओठांवर हसू येतं. म्हणजे नाव वाचून व्हायच्या आत डोळ्याला कळलेलं असतं की आज हसायचं आहे, घाबरायचं आहे की रडायचं आहे! आणि हीच अक्षरं नाट्यगृहाबाहेरच्या फलकावर आणि नाटकाच्या बसवरही तशीच दिसतात. दोन-चार आठवड्यांनी तर वाचावंही लागत नाही, चौकटीचा नुसता आकार दिसला तरी नाटक ओळखू येतं.

मग येतो आकडा. ‘रौप्यमहोत्सवी प्रयोग’, ‘शतकमहोत्सवी प्रयोग’, ‘312वा प्रयोग’. नाटकात काय आहे हे तो सांगत नाही, तरी त्याची जादू का चालते? कारण रिकाम्या नाट्यगृहात पहिलं जाऊन बसायला कुणालाच नको असतं. आकडा कानात सांगतो की तुमच्याआधी तीनशे वेळा माणसं इथे येऊन बसली आहेत. निर्मात्याने स्वतःची केलेली शंभर कौतुकं एका बाजूला आणि आधीच्या प्रेक्षकांनी मिळून दिलेलं हे प्रमाणपत्र दुसऱ्या बाजूला! अभिनेते प्रशांत दामले यांनी 6 नोव्हेंबर 2022 रोजी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात आपला 12,500वा प्रयोग केला, तेव्हा त्या प्रयोगाची सर्वांत मोठी जाहिरात तो आकडाच होता.

कधी कधी तर प्रयोगच बातमी होऊन जातो. 8 जुलै 1921. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी नाटक कंपन्यांचे दोन गायक-नट मालक, दोघांचे चाहते एकमेकांविरुद्ध हिरिरीने भांडणारे. टिळक स्वराज्य फंडासाठी हे दोघे मुंबईत एकाच रंगमंचावर उतरले. नाटक ‘मानापमान’, बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. हेच ते ‘संयुक्त मानापमान’. नाटक दहा वर्षं जुनं, पदं प्रेक्षकांना तोंडपाठ, पण ही जोडी कुणी कधी पाहिली नव्हती! ‘आज नाही तर कधीच नाही’ हे त्या जाहिरातीला वेगळं सांगावंच लागलं नाही. 1962 साली ‘तो मी नव्हेच’ आलं. तेव्हा प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिकांच्या जोडीला फिरता रंगमंचही लोकांना खेचत होता. ‘स्टेज फिरतं म्हणे!’ या तीन शब्दांत जे कुतूहल आहे, ते पानभर स्तुतीत नसतं.

चौकटीने आपलं काम केलं की गोष्ट तिकीटबारीवर पोचते. तिथे प्रयोगाच्या काही दिवस आधी ‘प्लॅन’ उघडतो. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा नकाशा. पूर्वी तो कागदावर असायचा आणि विकलेल्या खुर्चीवर रंगीत पेन्सिलीने फुली पडायची. आता बऱ्याच ठिकाणी तो फोनच्या पडद्यावर दिसतो. बघा, सिनेमाला मागच्या रांगा आधी भरतात आणि नाटकाला पुढच्या! कारण पडद्यावरचा चेहरा मागूनही मोठाच दिसतो, पण जिवंत नटाच्या कपाळावरची आठी बघायची तर जवळच बसावं लागतं. अनुभवी निर्माता या फुल्यांकडे बघून पुष्कळ काही ओळखतो. पुढच्या रांगा पटापट गेल्या, तर लोक नाटकासाठी येत आहेत. एका नावावर एकदम आठ-दहा खुर्च्या गेल्या, तर कुणीतरी बघून गेलेला माणूस आता घरच्यांना घेऊन येतो आहे.

आणि इथेच जाहिरातीची हद्द संपते. चौकट पहिल्या काही प्रयोगांना माणसं आणते. पुढचे प्रयोग ती माणसं आणतात. हिशेब करून बघा. एका प्रयोगाला आठशे माणसं आली आणि प्रत्येकाने फक्त दोघांना सांगितलं की सोळाशे जणांपर्यंत बातमी पोचली, तीही एक पैसा न देता. मध्यंतरात बटाटावड्याच्या रांगेत उभा असलेला माणूस घरी फोन लावतो, ‘अगं, पुढच्या रविवारचं तिकीट काढ’. हा फोन कुठल्याही निर्मात्याला विकत घेता येत नाही. नाटक फसलं, तर हेच यंत्र तितक्याच वेगाने उलटं फिरतं. मोठी जाहिरात वाईट नाटकाला वाचवत नाही. उलट ते वाईट असल्याची बातमी ती लवकर पसरवते. म्हणून ‘माउथ पब्लिसिटी’ला नाटकवाले एवढे मानतात.

म्हणून या शनिवारी त्या पानावर थोडं थांबा. एक चौकट निवडा, तिची अक्षरं बघा, आकडा बघा, तुमच्या घराजवळचं नाट्यगृह शोधा आणि तिकीट आधीच काढून ठेवा. आयत्या वेळी खिडकीवर जाऊन काढलेलं तिकीट त्या दिवसाची खुर्ची भरतं. आधी काढलेलं तिकीट प्लॅनवर दिसतं आणि प्लॅन बघूनही निर्माता पुढचे प्रयोग लावायचे की नाही ते ठरवतो. आवडलेलं नाटक चालू राहावं असं वाटत असेल, तर त्यासाठी प्रेक्षकाच्या हातात याहून खात्रीचा उपाय नाही.