जुना मोठा फोटो प्रिंटर स्वस्त का मिळतो?

घरी मोठे फोटो छापायचे म्हणून जुना १७ इंची प्रिंटर शोधणाऱ्यांना किंमत पाहून मोह होतो. पण असा प्रिंटर अनेकदा पडून राहतो म्हणूनच विकायला निघतो, आणि पडून राहणं हाच त्याचा खरा आजार. पिगमेंट शाई हेडच्या बारीक छिद्रांत वाळते.

त्यामुळे ‘मस्त चालत होता’ या शब्दावर विसंबू नये. पैसे देण्याआधी समोर नोझल चेक छापून घ्यावा. रेषा तुटक आल्या तर क्लीनिंग करून पुन्हा छापावा. तरी त्याच जागा कोऱ्या राहिल्या तर सौदा सोडलेला बरा. कॅननच्या इमेजप्रोग्राफ प्रो-१००० चं हेड घरी बदलता येतं. एप्सनच्या स्टायलस प्रो ३८८० साठी मात्र तंत्रज्ञ लागतो आणि तो खर्च जुन्या प्रिंटरच्या किमतीला भिडू शकतो.

शाईचाही हिशेब हवा. ३८८० मध्ये ८० मिलीची ९ कार्ट्रिज बसतात. ग्लॉसीवरून मॅट कागदावर जाताना काळी शाई बदलते, त्यातही थोडी वाया जाते. महिन्याला दोनच फोटो छापणाऱ्यांना लॅबच परवडते. घेतलाच, तर आठवड्याला एखादा रंगीत फोटो तरी छापत राहावा.