नाताळाचे झाड अंगणात लावताना

नाताळ सरला, चांदण्या व कागदी पताका पेटीत गेल्या, म्हणजे कुंडीतल्या झाडाकडे कोणी पाहत नाही. पडवीच्या कोपऱ्यात ते पिवळे पडते व शिमग्याच्या सुमारास उकिरड्यावर जाते. वास्तविक ते जिवंत झाड होय, अंगणात सहज वाढेल, असे समजून आम्ही एके वर्षी सणाच्या तिसऱ्या दिवशीच ते भर उन्हाच्या जागी लावले. मुलांनी रोज पाणी घातले; तरी वैशाखात ते जळाले.

चूक आमचीच होती. आपल्याकडे ह्या नावाने विकले जाते ते बहुधा अरोकेरिया. ह्याची एक जात नॉर्फोक बेटावरची, दुसरी न्यू कॅलेडोनियाची; कॅप्टन कुकच्या तांड्याने ही दोन्ही स्थळे १७७४ साली पाहिली. समुद्राच्या दमट वाऱ्यात वाढणारे हे झाड. आणि आमचे पाटस सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत! शिवाय रोपवाटिकेच्या सावलीत वाढलेल्या रोपास एकदम कडक ऊन सोसत नाही. तिसरे कारण काळी जमीन. ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, तेव्हा मुळे कुजतात. उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा ती तुटतात.

दुसऱ्या झाडाची आम्ही घाई केली नाही. उन्हाळाभर ते पडवीतच ठेवून हळूहळू सकाळच्या उन्हाची सवय लावली. मृगाचा पाऊस होऊन आभाळ भरलेले राहू लागले, तेव्हा घरापासून वीस फुटांवर, विजेच्या तारा टाळून, खड्डा घेतला. (मायभूमीत हे झाड दीडशे फुटांहून उंच जाते!) मातीत मुरूम व कुजलेले शेणखत मिसळले, जागा थोडी उंच केली. कुंडीत गोल गुंडाळलेल्या मुळ्या हलक्या हाताने मोकळ्या केल्या. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पश्चिमेस तट्ट्याचा आडोसा केला व आळ्यात पालापाचोळा पसरला.

ज्यांच्याकडे उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, त्यांनी खुशाल सुरू लावावा. त्याच्या हिरव्या सुया म्हणजे पाने नव्हेत, बारीक डहाळ्या होत. खरी पाने खवल्यांएवढी असल्यामुळे त्यास पाणी थोडे पुरते. सणास तोही शोभतो.

अरोकेरियाचा शेंडा मात्र कधीही खुडू नये. आडव्या फांदीची कलम लावली तर तीही आडवीच वाढते, सरळ झाड होत नाही. आमच्या धाकट्याने शेंड्यासच चांदणी बांधण्याचा हट्ट धरला. शेवटी शेजारी काठी रोवून तिच्या टोकास ती बांधली.