हृदयाचा जमाखर्च

आवक व जावक यांचा मेळ बसला नाही तर कोठे तरी नोंद राहिली आहे, हे व्यापारी मनुष्यास सांगावे लागत नाही. मानवी हृदयाचे कार्य जगास नीट उमगले ते अशाच एका हिशेबामुळे, हे मात्र थोड्यांस ठाऊक असेल. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तो विषय सभासद बंधु-भगिनींपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

विल्यम हार्वे (१५७८–१६५७) हा इंग्लंडमधील वैद्य. त्याचे कित्येक बंधू लंडनमध्ये व्यापार करीत. यकृतात अन्नापासून नित्य नवे रक्त तयार होते व ते शरीरात खर्ची पडते, अशी त्या काळी समजूत होती. हार्वेने साधा गुणाकार केला. एका ठोक्यास हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा अंदाज त्याने मुद्दाम कमी धरला. तरीही अर्ध्या तासातील हजारांवर ठोक्यांची बेरीज सबंध शरीरातील रक्ताहून अधिक भरली. इतके रक्त अन्नातून निपजणे अशक्य. तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे, हा सिद्धांत त्याने १६२८ साली प्रसिद्ध केला. रोहिण्यांतून गेलेले रक्त नीलांमध्ये कोणत्या वाटेने उतरते, एवढीच नोंद राहिली होती. त्या केसाहूनही बारीक वाहिन्या १६६१ साली माल्पिघी याने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या आणि हिशेब पुरा झाला.

हृदय मुठीएवढे, वजन सुमारे ३०० ग्रॅम. त्याच्या उजव्या बाजूचे दोन कप्पे शरीरातून परतलेले रक्त फुप्फुसांकडे पाठवितात. डाव्या बाजूचे दोन कप्पे तेथून शुद्ध होऊन आलेले रक्त सर्व शरीरास पुरवितात. चार झडपा पुढे गेलेले रक्त मागे येऊ देत नाहीत. मिनिटास ७० ठोके धरले तर दिवसाचे एक लाखावर ठोके होतात. मिनिटास सुमारे ५ लिटर, म्हणजे दिवसास ७,२०० लिटर रक्त हलविले जाते. वजनात सांगावयाचे तर ७५ क्विंटलांहून अधिक! एवढा माल हलविण्यास आमच्या पेठेत हमालांची टोळी लागते.

नवल असे की, एवढे रक्त हाताळणारे हृदय त्यातून परस्पर जवळजवळ काहीच घेत नाही. महारोहिणीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन लहान रोहिण्यांतून सुमारे विसावा हिस्सा त्यास मिळतो, आणि तोही मुख्यतः दोन ठोक्यांमधील विसाव्यात. ठोके वाढले की हा विसावा आखडतो. या रोहिण्या आतून चरबीने अरुंद झाल्या आणि एखादी अकस्मात बंद पडली, तर तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही.

“आम्ही शाकाहारी, मद्यास न शिवणारे, आम्हांस हृदयविकार कसला?” असे उद्गार आम्ही पेठेत पुष्कळदा ऐकतो. परंतु दिवसभर गादीवरची बैठक, तुपातील मिठाई, तळलेले फरसाण, पापड-लोणच्यातील मीठ आणि जेवणानंतरची तंबाखू यांचा खर्च कोणाच्या नावे पडतो?

काही वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, आमच्याच पेठेतील एका अडत्यांच्या छातीवर पोते ठेवल्यासारखा दाब आला व दरदरून घाम सुटला. वायू झाला असे समजून मंडळींनी ओवा व सोडा दिला, आणि लिलाव संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले. रुग्णालयात पोहोचावयास संध्याकाळ झाली. प्राण वाचले, पण हृदयाचा मोठा भाग निकामी झाला. पेढीची पायरी त्यांस पुन्हा चढता आली नाही.

म्हणून छातीत दाब, हाताकडे, पाठीकडे वा जबड्याकडे जाणारी कळ, घाम किंवा धाप यांपैकी काही आढळल्यास विलंब न करता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेह्यांस व स्त्रियांस कधी कधी छातीत वेदनाही होत नाही, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे. थकलेल्या उधारीस मुदत देता येते. येथे घटकाभराचीही देता येत नाही.

रोज अर्धा तास चालावे, कोंड्यासह धान्य व डाळी खाव्यात, तंबाखू सोडावी. आणि दिवाळीस वहीपूजन करतो त्याच सुमारास दरवर्षी रक्तदाब, साखर व रक्तातील चरबी यांचीही तपासणी करून घ्यावी, एवढीच सर्व सभासद कुटुंबांस आमची नम्र विनंती आहे.